अकरा महिन्यांचा मुलगा आणि साडेतीन वर्षांची मुलगी यांना घेऊन आल्प्स : मुक्काम कुठे करावा, किती उंच जावे?

प्रश्न : सुरसागरकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. येत्या जूनमध्ये दहा-अकरा दिवसांसाठी स्वित्झर्लंडला जाण्याचे आमच्या मनात आहे. आम्ही दोघे, साडेतीन वर्षांची मुलगी, तेव्हा अकरा महिन्यांचा असेल असा मुलगा आणि माझे सासू-सासरे, असे सहा जण आहोत. सासऱ्यांचे वय सत्तर असून त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना सपाट रस्त्यावर चालणे जमते, पण जिने जमत नाहीत.

एका सहल कंपनीने आम्हाला दहा दिवसांत चार देश दाखवणारा कार्यक्रम दिला आहे. त्यात रोज सकाळी सात वाजता बसमध्ये बसायचे आणि जवळजवळ दर रात्री नव्या हॉटेलात उतरायचे, असे आहे. युंगफ्राउयोख आणि टिटलिस ही दोन्ही उंच, बर्फाची ठिकाणे त्यात आहेत. यजमानांची युंगफ्राउयोखला जाण्याची फार जुनी इच्छा आहे, आणि मुलीने चित्रात बर्फ पाहिल्यापासून ती रोज झोपताना त्याविषयीच विचारते. मला मात्र ती उंची पाहून काळजी वाटते, कारण मुलगा अजून बोलत नाही आणि त्याला काय होते आहे ते तो सांगू शकणार नाही.

नातेवाइकांपैकी काहींचे म्हणणे असे आहे की इतक्या लहान मुलांना काहीच आठवणार नाही, तेव्हा पाच वर्षे थांबावे. पण पाच वर्षांनी सासूबाईंचे गुडघे साथ देतील का, हाही प्रश्न आहेच. कृपया अनुभव असलेल्यांनी सांगावे की हा कार्यक्रम घ्यावा, की स्वतः आखणी करावी. मुक्काम कुठे करावा. आणि मुलाला किती उंचीपर्यंत नेणे योग्य ठरेल.

उत्तर : दोघांची आई, अलकापुरी

ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी जूनमध्येच गेलो होतो. त्या वेळी आमची मोठी चार वर्षांची आणि धाकटा चौदा महिन्यांचा होता. तुमची परिस्थिती आमच्याशी इतकी जुळते की सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही.

चार देशांचा कार्यक्रम घेऊ नका, असे मी अगदी आग्रहाने सांगेन. आम्ही स्वतः आखणी केली होती, तरीही पहिल्या तीन रात्री तीन वेगवेगळ्या गावांत ठेवण्याची चूक केली. रोज संध्याकाळी बॅगा उघडायच्या, दूध गरम करायची सोय शोधायची, पलंग भिंतीकडे सरकवून बाळ पडणार नाही अशी जागा करायची आणि सकाळी तेच सगळे पुन्हा भरायचे, यातच आमचा जीव मेटाकुटीला आला. चौथ्या दिवशी वेंगेनला पोहोचलो आणि तिथे सलग सहा रात्री राहिलो. खरी सहल तिथून सुरू झाली.

वेंगेन हे गाव १,२७४ मीटर उंचीवर आहे आणि तिथे मोटारींना प्रवेश नाही. खालच्या लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांची रेल्वे सुमारे पंधरा मिनिटांत वर नेते. मोटारी नसल्यामुळे चार वर्षांची मुलगी हात सोडून दोन पावले पुढे धावली तरी काळजाचा ठोका चुकत नाही, आणि ही निश्चिंती किती मोठी असते हे रावपुऱ्याच्या रस्त्यावर मुलांचा हात घट्ट धरून चालणाऱ्या आईलाच कळेल. गावाला चढ मात्र आहे. सासूबाईंचा विचार करता घर स्टेशनापासून किती दूर आणि किती चढावर आहे, ते आधी विचारून घ्या. चढ अजिबातच नको असेल तर लाउटरब्रुनेनलाच राहा. ते दरीच्या तळाशी, सुमारे ८०० मीटरवर आहे आणि तिथून दरीतल्या श्टेशेलबर्ग गावापर्यंतची वाट जवळजवळ सपाट असल्यामुळे बाबागाडी आरामात जाते. दोन्ही बाजूंना कडे उभे असतात आणि त्यांतला श्टाउबबाख धबधबा जवळजवळ ३०० मीटरवरून कोसळतो. आमच्या सासूबाई त्या वाटेवर रोज सकाळी चालल्या असत्या तरी कंटाळल्या नसत्या.

त्याच दरीत डोंगराच्या पोटातून वाहणारे ट्र्युमेलबाख धबधबे आहेत. तिथे सुरक्षिततेसाठी चार वर्षांखालील मुलांना प्रवेश देत नाहीत. आम्हाला हे तिकिटाच्या खिडकीपाशी गेल्यावर कळले. तुमची दोन्ही मुले त्या वयाखालची आहेत, म्हणून आताच सांगून ठेवते.

आता एक प्रसंग सांगते. ग्रिंडेलवाल्ड गावाच्या वर फर्स्ट नावाचे ठिकाण २,१६६ मीटरवर आहे. तिथे यजमानांनी धाकट्याला पाठीवरच्या कॅरियरमध्ये घेतले आणि आम्ही तासभर चाललो. ऊन होते, वारा होता. चालून चालून यजमानांना घाम आला होता, म्हणून त्यांनी जाकीटही काढले. बाळ शांत झोपले होते. बाकावर बसून त्याला खाली घेतले तेव्हा त्याची पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर सरकलेली होती, एक मोजा कुठेतरी गळून पडला होता आणि पाऊल हातात घेतले तर माठातल्या पाण्यासारखे गार लागले. मी त्याचे दोन्ही पाय माझ्या स्वेटरच्या आत पोटाशी धरून बसले. दहा मिनिटांनी पावलांना पुन्हा ऊब आली आणि तो हसला, पण ती दहा मिनिटे मी विसरणार नाही. नेणारा चालत असतो म्हणून त्याला गरम होते. पाठीवरचे बाळ हलतही नाही आणि त्याचे लोंबणारे पाय दाबले जातात, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. त्यानंतर आम्ही दर पंधरा-वीस मिनिटांनी बाळाचे पाय चाचपून पाहत असू, आणि पायांसकट एकसंध असलेला लोकरी पोशाख घालत असू.

मुलीच्या बर्फाची चिंता करू नका. जूनच्या सुरुवातीला दोन हजार मीटरच्या वर सावलीच्या जागी बहुधा बर्फाचे पट्टे उरलेले असतात, आणि साडेतीन वर्षांच्या मुलीला आपल्या ओट्याएवढा पट्टा मिळाला तरी तेवढा पुरतो. आमची मोठी वेंगेनच्या वरच्या क्लायने शायडेग स्टेशनापाशी अशाच एका पट्ट्याशी पाऊण तास खेळली. वेंगेनहून रोपवेने मेनलिखेनला गेलात तर तिथे मुलांसाठी भली मोठी लाकडी गाय आहे, जिच्या आत चढून घसरगुंडीने बाहेर येता येते. रोपवेचे तिकीट त्या एका गाईसाठी वसूल झाले, असे मी मनापासून सांगते.

तारखांविषयी एक गोष्ट. मेच्या पहिल्या पंधरवड्यात बरेच रोपवे वार्षिक देखभालीसाठी बंद असतात, त्यामुळे शाळेच्या सुट्टीचा विचार करून अलीकडे सरकू नका. जून योग्य आहे.

आठवणीचे म्हणाल, तर धाकट्याला काही आठवत नाही हे खरे आहे. पण माझ्या सासऱ्यांनी त्याला मांडीवर घेऊन आगगाडीच्या खिडकीतून गाई मोजल्या होत्या, आणि ते त्या गाईंविषयी आजही बोलतात.

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, सयाजीगंज

वरील अनुभव फार मोलाचा आहे. उंचीविषयी वैद्यकीय बाजू मांडतो.

युंगफ्राउयोखचे स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकाच असतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी होतो. उंचीइतकाच चढण्याचा वेगही महत्त्वाचा असतो. डिसेंबर २०२० पासून ग्रिंडेलवाल्डहून आयगरग्लेचर स्टेशनापर्यंत नवी केबल कार पंधरा मिनिटांत नेते आणि तिथून बोगद्यातली रेल्वे अर्ध्या तासाच्या आत वर पोहोचवते. म्हणजे माणूस पाऊण तासाच्या प्रवासात अडीच हजार मीटर चढतो. मोठ्या माणसाला डोके जड वाटले तर तो सांगतो आणि खाली उतरतो. अकरा महिन्यांच्या बाळात हाच त्रास चिडचिड, दूध नाकारणे, उलटी आणि अस्वस्थ झोप अशा रूपात दिसतो. दमलेले बाळही नेमके असेच वागत असल्यामुळे पालकांना फरक ओळखणे कठीण जाते. मी माझ्या रुग्णांच्या पालकांना एवढ्या लहान बाळाला तिथे नेऊ नका असेच सांगतो, आणि तुम्हालाही तेच सांगेन. फ्रान्समध्ये शामोनीजवळच्या एग्वी द्यु मिदीवर, जे ३,८४२ मीटरवर आहे, तीन वर्षांखालील मुलांना मुळातच नेऊ देत नाहीत. टिटलिसचे वरचे स्टेशनही ३,००० मीटरच्या पुढे आहे, तेव्हा बाळासाठी तेही वगळावे.

मग सुरक्षित किती? विमानाच्या केबिनमधला दाब साधारणपणे १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका असतो. निरोगी बाळ त्या हवेत आठ-नऊ तास बसून युरोपला पोहोचते. त्यामुळे दिवसा दोन-अडीच तासांसाठी २,००० ते २,३०० मीटरपर्यंत जाणे आणि रात्री १,३०० मीटरच्या आसपास झोपणे, हे निरोगी बाळाला सहसा मानवते. झोपण्याची उंची कमी ठेवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. बाळाला जन्मतः हृदयाचा दोष असेल, ते अपुऱ्या दिवसांचे जन्मलेले असेल किंवा त्याला नुकताच न्यूमोनिया झालेला असेल, तर मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एवढेही करू नये. सासऱ्यांनीही त्यांच्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारावे. नुसते स्वित्झर्लंडला जातो असे सांगितले तर डॉक्टरांना त्यातून काहीच कळत नाही.

त्रासाची शंका आली तर उपाय एकच आहे : ताबडतोब खाली उतरणे. औषध देऊन वर थांबू नये.

कानांविषयी अधिक काळजी घ्या. रोपवे वेगाने चढतो-उतरतो तेव्हा कानाच्या पडद्यावर दाब येतो, आणि सर्दीने नाक चोंदलेले असेल तर बाळ कळवळून रडते. चढताना-उतरताना बाळाला अंगावर पाजावे किंवा बाटली द्यावी, म्हणजे गिळण्याच्या क्रियेने दाब समतोल होतो. मुलीला स्ट्रॉने घोटघोट पाणी पिऊ द्यावे. कडक गोळ्या देऊ नयेत, त्या घशात अडकण्याची भीती असते.

उन्हाकडे आपण बडोद्याची माणसे दुर्लक्ष करतो, कारण तिथली हवा गार असते. पण दर हजार मीटरला अतिनील किरणे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. मुलांना कडा असलेली टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन हवेच. शिवाय तिथल्या गवतात गोचीड असतात. संध्याकाळी अंघोळ घालताना मुलांच्या काखा, जांघा आणि कानांमागची त्वचा नीट पाहावी. रुग्णवाहिकेसाठी तिथला क्रमांक १४४ आहे. तापाच्या औषधाची वजनानुसार मात्रा कागदावर लिहून पासपोर्टबरोबर ठेवा.

उत्तर : निवृत्त आजोबा, मांजलपूर

मी नातवंडांना घेऊन दोनदा जाऊन आलो आहे. कागदपत्रे आणि स्वयंपाकघर या दोन्ही गोष्टी दोन्ही वेळा माझ्याकडेच होत्या, म्हणून तेवढेच लिहितो.

मुलाचा पासपोर्ट आधी काढा, कारण त्याशिवाय व्हिसाचे काम पुढे सरकत नाही. शेंगेन व्हिसाचा (स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. जूनच्या गर्दीत अहमदाबादच्या केंद्रात वेळ मिळणेच अवघड होते, तेव्हा मार्चमध्येच हालचाल करा. प्रौढांना ९० युरो शुल्क आहे, सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा असावा लागतो आणि तो दोन्ही मुलांचाही लागतो.

आता जिव्हाळ्याचा विषय. घरचे तूप, पेढे, श्रीखंड यांपैकी काहीही बरोबर नेऊ नका. आपल्याकडून दूध आणि मांस यांचे पदार्थ तिथे नेण्यास मनाई आहे. आमच्या सौभाग्यवतींनी नातवासाठी कढवलेले एक किलो तूप पहिल्या वेळी विमानतळावर टाकून द्यावे लागले, आणि तिला त्याचे दुःख अजून आहे. बाळाच्या दुधाची पावडर मात्र मूळ बंद डब्यात दोन किलोपर्यंत चालते. मूगडाळ, तांदूळ, रवा, हळद आणि हिंग बिनदिक्कत न्या. तिथे लोणी, दही आणि केळी उत्तम मिळतात आणि नळाचे पाणी पिण्याजोगे असते. लोणी घरीच कढवले की वीस मिनिटांत तूप तयार होते, हे दुसऱ्या वेळी सुचले.

हॉटेलपेक्षा किचन असलेले अपार्टमेंट घ्या. तिथल्या बहुतेक शेगड्या विजेच्या असतात आणि इंडक्शन असेल तर आपला ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. दीड-दोन लिटरचा, इंडक्शनवर चालणारा स्टीलचा कुकर सामानाच्या बॅगेत टाका. प्लगही पाहा : मोबाइल चार्जरची बारीक दोन पायांची पिन तिथे बसते, जाड तीन पायांची बसत नाही. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, मोठ्या स्टेशनांमधली मात्र उघडी राहतात. शनिवारी संध्याकाळी दूध आणि डायपर पुरेसे आहेत का ते पाहून ठेवा.

मोटार भाड्याने घेण्याचा मोह टाळा. बारा वर्षांखालील, १५० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या प्रत्येक मुलाला मोटारीत वेगळी आसने कायद्याने लागतात. रेल्वेत तो प्रश्न नाही आणि सहा वर्षांखालील मुलांना तिकीटही नाही. दुमजली इंटरसिटी गाड्यांमध्ये वरच्या मजल्यावर मुलांसाठी खेळायचा डबा असतो, त्यात घसरगुंडीसुद्धा असते. झुरिक विमानतळाच्या खालीच स्टेशन आहे आणि तिथून बर्नला गाडी बदलून लाउटरब्रुनेनच्या वाटेवरच्या इंटरलाकेनला सव्वादोन तासांच्या आसपास पोहोचता येते. तुम्ही एकाच ठिकाणी राहणार असाल, तर ठरावीक दिवस देशभर फिरू देणाऱ्या स्विस ट्रॅव्हल पासऐवजी महिनाभर निम्म्या दरात तिकिटे देणारे हाफ फेअर कार्ड कदाचित स्वस्त पडेल. चारही मोठ्या माणसांचा हिशेब कागदावर मांडून पाहा. दोन्हींच्या किमती दरवर्षी बदलतात, पण हिशेबाची रीत तीच राहते.

घड्याळाचेही सांगतो. जूनमध्ये तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. घरी साडेसहाला उठणारे बाळ पहिले दोन-तीन दिवस पहाटे तीनला उठून बसेल. आजी-आजोबांसाठी वेगळी खोली असलेले घर घ्या, म्हणजे निदान दोघांची तरी झोप पुरी होईल. आणि रात्री नऊच्या पुढेही उजेड असतो, म्हणून खिडक्यांना जाड पडदे किंवा झडपा आहेत का ते घरमालकाला विचारा.

सुरसागरकाठ

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. काल रात्री सासू-सासऱ्यांना सगळी उत्तरे वाचून दाखवली. सहल कंपनीला नकार कळवला आहे. आता दहा रात्रींपैकी आठ रात्री लाउटरब्रुनेनला आणि परतीपूर्वीच्या दोन लुत्सेर्न शहरात, असे ठरते आहे. लुत्सेर्नहून रिगी डोंगरावर जाऊ. ते १,७९७ मीटरवरच आहे आणि तिथली रेल्वे १८७१ पासूनची, दातेरी रुळांवर डोंगर चढणारी युरोपातली पहिली रेल्वे आहे, असे वाचून कमाटीबागेतल्या छोट्या गाडीची शौकीन असलेली आमची मुलगी आतापासूनच सगळ्यांना तिकिटे वाटत आहे. युंगफ्राउयोखला यजमान एके दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने एकटे जाऊन दुपारपर्यंत परततील. त्यांनीच हे सुचवले, म्हणून माझ्या मनावरचे ओझे उतरले.

रविवारी मुद्दाम पावागडला जाऊन रोपवेत बसून आलो. वर जाताना मुलाला पाजायला घेतले, तो मजेत होता. मुलीने मात्र उतरताना उजव्या कानावर हात दाबून धरला आणि खाली आल्यावरही थोडा वेळ कान दुखतो म्हणत होती. तिला गेल्या आठवड्यात सर्दी होती. यात काळजीचे काही आहे का?

बालरोगतज्ज्ञ, सयाजीगंज

सर्दीनंतर दोन-तीन आठवडे कानाच्या पडद्यामागे पाणी राहू शकते, त्यामुळे असे होते. सहसा आपोआप बरे होते, पण कान एकदा तपासून घ्या आणि निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा दाखवा. पावागडचा चढ तसा लहान आहे. वेंगेनहून मेनलिखेनचा रोपवे काही मिनिटांतच साडेनऊशे मीटर चढतो, त्यामुळे तिथे कानांवर येणारा दाब बराच अधिक असेल. त्या दिवशी तिचे नाक चोंदलेले असेल तर रोपवे सोडा आणि रेल्वेने क्लायने शायडेगला जा. ती गाडी वेंगेनहून २,०६१ मीटरपर्यंत चढायला सुमारे पंचवीस मिनिटे घेते, आणि तेवढा अवधी मिळाला की लहान मुलांचे कान बहुधा आपोआप जुळवून घेतात. बर्फाचा पट्टा तिथेही मिळेल. लाकडी गाईसाठी नाक मोकळे असलेला दिवस राखून ठेवा.